सोळाव्या लुईचं कुलूप

सरांनी मला फसवलं. माझ्या मुलीला नाटकात राजाचं काम देतो म्हणाले, ती पाच मिनिटं सलग मराठी बोलेल म्हणाले. दोन्ही शब्द पाळले आणि तरीही फसवलं. मला फसवायला आलेले लोक मी पुष्कळ पाहिलेत. त्यातले बहुतेक जाताना माझ्याकडूनच काहीतरी विकत घेऊन गेले. हा एकच माणूस निसटला.

जर्सी सिटीत माझी कुलपं-किल्ल्यांची दुकानं आहेत. सुरुवात दुसऱ्याच्या दुकानाच्या दारात, किल्ल्या कापायच्या मशीनसमोर उभं राहून केली. आता तीन पाट्यांवर नाव माझं आहे. डिग्री नाही. इथल्या मराठी माणसांत पहिला प्रश्न असतो, ‘‘कुठल्या कंपनीत?’’ मी सांगतो, ‘‘माझ्याच.’’ मग समोरचा आपल्या प्लेटमधल्या समोशाकडे बारकाईने बघायला लागतो.

सर मला भेटले ते त्यांच्याच दाराबाहेर. स्टेशनजवळच्या एका उंच इमारतीतून फोन आला की एक वयस्क गृहस्थ किल्ली आत विसरून बाहेर अडकलेत. मी गेलो, तर ऐन उन्हाळ्यात गळ्यात लोकरीचा मफलर गुंडाळून एक म्हातारा कॉरिडॉरमधल्या गालिच्यावर मांडी घालून बसला होता. गाडीवरच्या पाटीतलं माझं आडनाव त्यांनी कॉरिडॉरच्या खिडकीतून वाचलं असावं.

‘‘या, या. मराठी का?’’

‘‘हो.’’

‘‘वा! तुम्हाला माहीत आहे का, फ्रान्सचा एक राजा हेच काम करायचा. सोळावा लुई. महालात वरच्या मजल्यावर त्याची भट्टी होती. तासन्‌तास कुलपं बनवत बसायचा.’’

मी दारात वाकून काम करत होतो. म्हणालो, ‘‘मग राज्य कोण करायचं?’’

सर एवढे खूश झाले की त्यांनी टाळ्याच वाजवल्या. ‘‘हाच! नेमका हाच प्रश्न लोकांनी विचारला!’’

दार उघडेपर्यंत त्या राजाचं आयुष्य सांगून झालं होतं. मी भाव सांगितला, अर्थात चढवून, कारण माणूस कमी करायला लावणार हे धरूनच मी भाव सांगतो. सरांनी निमूट पैसे दिले. मला फार राग आला. घासाघीस न करता पैसे देणारा माणूस म्हणजे समोरच्याला अर्ध्या जेवणावरून उठवणारा माणूस. मी दारातच थांबलो.

‘‘सर, तुम्ही ‘जास्त आहे’ म्हणायला हवं होतं.’’

‘‘जास्त होते?’’

‘‘थोडे.’’

‘‘मग पुढच्या वेळी कमी घ्या. मी परत अडकणारच आहे.’’

आणि ते अडकलेही. पुन्हापुन्हा.

सर मूळचे नागपूरचे, केमिकल इंजिनियर. रंगांच्या कंपनीतून रिटायर झालेले. बायको वारली होती, मुलगा रेडमंडला सॉफ्टवेअरमध्ये. तरुणपणी कंपनीने त्यांना वर्षभर फ्रान्सला पाठवलं होतं. लोक तिथून अत्तराच्या बाटल्या आणतात. सर तो एक मफलर आणि अख्खी राज्यक्रांती घेऊन आले. रविवारी चर्चच्या तळघरात आमची मराठी शाळा भरते, तिथे ते मोठ्या मुलांना शिकवायचे. शिकवायचं होतं व्याकरण. सर शिकवायचे फ्रान्सचे राजे आणि त्या राजांना हाकलणारे लोक, मात्र मराठीतून. कुणी तक्रार केली की म्हणायचे, ‘‘क्रियापदं तीच आहेत हो. उठला, बसला, पळाला. राजे फार वेगळं काही करत नाहीत.’’

त्यांचा एक नियम होता. आयुष्य कुणाचंही असो, चहा उकळून वर येईपर्यंत सांगून संपलं पाहिजे. वर्गात एक छोटी विजेची शेगडी असायची. पातेलं चढवायचं आणि सुरू करायचं. चहा उतू गेला तर सांगणाऱ्याने पुसायचं. मुलांनाही तोच नियम. माझ्या मुलीने, म्हणजे शरूने, त्या वर्गात काय केलं असेल तर बाकीच्यांचा चहा पुसला. बोलली कधीच नाही.

एकदा रोबेस्पिअरचं आयुष्य सांगताना सर स्वतःच रंगले. एका सुताराच्या घरी भाड्याने राहणारा, कपड्यांची इस्त्री न मोडणारा सज्जन वकील पुढे लोकांची मुंडकी कशी उडवायला लागला, हे सांगता सांगता चहा उतू गेला, आटला, जळला, धूर झाला आणि चर्चचा फायर अलार्म बोंबलायला लागला. सगळी शाळा पार्किंगमध्ये. वर प्रार्थनेला आलेले, शेजारी बालवाडीला आलेले, सगळे बाहेर. बंब आला. सर पार्किंगमध्येही सांगायचे थांबले नाहीत. बंबावरचा एक माणूस हेल्मेट काखेत धरून ऐकत उभा राहिला आणि शेवटी विचारता झाला, ‘‘सो देन दे किल्ड हिम टू?’’ सर म्हणाले, ‘‘ऑफ कोर्स.’’ तो म्हणाला, ‘‘फिगर्स.’’ सर पुढे कितीतरी दिवस सांगायचे की माझा सर्वांत चांगला विद्यार्थी फायर ब्रिगेडमध्ये आहे.

मला त्यांच्या राजांचं कौतुक नव्हतं. मी शरूला आणायला लवकर जायचो आणि दारात उभा राहून ऐकायचो, कारण पार्किंगमध्ये बसून काय करणार? चौदाव्या लुईचा सकाळी उठण्याचासुद्धा दरबार भरायचा, त्याला सदरा कुणी द्यायचा यावरून मोठमोठ्या सरदारांत मानपान चालायचं, हे ऐकून मी म्हणालो, ‘‘आपल्याकडे समई कोण लावणार यावरून होतं तसंच.’’ सर म्हणाले, ‘‘अगदी! फक्त त्यांच्याकडे सदरा तरी शिवून तयार असायचा.’’ नेपोलियनने अमेरिकेला एवढा मोठा मुलूख विकला ते ऐकून मात्र माझं डोकंच फिरलं.

‘‘एकदम सगळा? घेणारे फक्त एका बंदराची चौकशी करायला आले होते ना?’’

‘‘हो. त्याला लढाईसाठी पैसे हवे होते.’’

‘‘सर, गरज आहे हे गिऱ्हाइकाला कळू द्यायचंच नसतं! आधी बंदर द्यायला नाही म्हणायचं. मग रुसायचं. तुमचा नेपोलियन लढाईत असेल मोठा, दुकान त्याने महिन्यात बुडवलं असतं.’’

‘‘त्याचा थोरला भाऊ स्पेनचा राजा होता,’’ सर म्हणाले, ‘‘राज्य गेल्यावर तो इथे न्यू जर्सीतच येऊन राहिला. मोठी बाग केली. राज्य गेलं की लोक न्यू जर्सीला येतात.’’ आणि मफलर सारखा करत माझ्याकडे असे बघत राहिले, जसं काही माझंही एखादं राज्य कुठेतरी गेलेलं आहे.

आता मुद्द्यावर येतो.

त्या वर्षी माझी आई कऱ्हाडहून पहिल्यांदा येणार होती. गुडघे असे की पहिल्यांदा आणि बहुधा शेवटचंच. आईला इंग्रजी येत नाही. शरूला मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीतून. व्हिडिओ कॉलवर दोघींचं बोलणं म्हणजे ‘‘आजी हाय’’, ‘‘आजी बाय’’ आणि मध्ये हात हलवणं. एकदा शरू उठून गेल्यावर आईने मला हळूच विचारलं, ‘‘पोरगी बोलायला अडखळते का रे? काही दोष आहे का? असला तर सांग, मी देवाचं बघते.’’

ते माझ्या जिव्हारी लागलं. मी ठरवलं, आई इथे असताना शरू सगळ्यांसमोर, माईकवर, मराठीत बोलणार. आईने ऐकायचं, त्या समोसेवाल्यांनीही ऐकायचं.

गणपतीत शाळेचं नाटक असतं. त्या वर्षी ते सरांनी बसवायला घेतलं होतं. विषय सांगायला नकोच. मी शेगडीजवळ सरांना गाठलं.

‘‘शरूला मोठं काम हवं.’’

‘‘राजा देतो,’’ सर ताबडतोब म्हणाले. मी सावध व्हायला हवं होतं. पहिल्याच फटक्यात मिळालेली वस्तू मी एरवी उलटीपालटी करून बघतो.

घरी जाऊन आईला फोन केला, राजाचं काम आहे म्हणून सांगितलं. पुढच्या रविवारी कळलं की राजा म्हणजे सोळावा लुई. नाटकभर एका स्टुलावर बसून कुलूप दुरुस्त करणार आणि बोलणार काहीच नाही.

मी चिडलो. खोटं कशाला, ओरडलोच. कारण बाकीची कामंही तोपर्यंत कळली होती. इमिग्रेशनच्या वकीलबाईंची मुलगी रोबेस्पिअर. वकील होता म्हणून. हृदयाच्या डॉक्टरांचा मुलगा क्रांतिकारक मारा. तो डॉक्टर होता म्हणून. आणि मी कुलूपवाला, तर माझ्या मुलीला कुलूप!

‘‘सर, इथे माझ्या मुलीने राजा व्हायचं आहे. कुलूपवाली ती घरी आहेच.’’

माझ्यामागे डॉक्टर रांगेत होते. ते म्हणाले, ‘‘तुमची मुलगी निदान स्टुलावर आहे यार. माझा मुलगा टबमध्ये बसणार आहे. सगळ्यांसमोर. आंघोळीच्या टबमध्ये!’’

‘‘माराला त्वचेचा आजार होता,’’ सर शांतपणे म्हणाले. ‘‘टबात बसून काम करायचा. त्याला तिथेच मारला. अख्खा टब दिलाय, हात धुवायचं बेसिन तर नाही ना दिलं?’’

डॉक्टर तणतणत गेले. मी राहिलो.

‘‘वाक्यं किती?’’ मी विचारलं.

‘‘शून्य.’’

‘‘वीस तरी हवीत.’’

‘‘शून्य.’’

‘‘सर, मी वीस म्हटलं की तुम्ही पाच म्हणायचं असतं. शून्य हा भाव नसतो!’’

सरांनी चहा गाळला, मला दिला. मग म्हणाले, ‘‘वाक्यं जाऊ द्या. पाच मिनिटं बोलेल. सलग. मराठीत. तुमच्या आईला नीट ऐकू जाईल अशी. चालेल?’’

‘‘शब्द?’’

‘‘शब्द. पण माझ्याही अटी आहेत. खरं कुलूप हवं, अडकलेलं. आणि पडदा तुम्ही ओढायचा. पहिल्यापासून शेवटपर्यंत तिथून हलायचं नाही. पडद्याला खमका माणूस लागतो.’’

मला ते आवडलं. कबूल केलं. दुकानातल्या मोडक्या मालात एक जुनं पितळी कुलूप पडलेलं होतं, कारागिरांनी हात टेकलेलं. ते दिलं. पडद्याची तारसुद्धा मीच ठोकली.

नंतर तालमीच्या वेळी त्या राजाची आणखी एक गोष्ट सरांनी सांगितली. ज्या कारागिराने त्याला कुलपाचं काम शिकवलं, त्याच्याकडूनच राजाने भिंतीत एक गुप्त लोखंडी कपाट बसवून घेतलं होतं. राजाचे दिवस फिरल्यावर त्याच कारागिराने जाऊन कपाटाची चुगली केली. मी ताडकन म्हणालो, ‘‘हलकट! गिऱ्हाइकाचं कपाट कुठे आहे हे आपण बायकोलाही सांगत नाही.’’ शरू स्टुलावरून माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, ‘‘हातोडीने मारू नकोस, तेल सोड. आणि पाठ कर काय बोलायचंय ते.’’ ती म्हणाली, ‘‘बाबा, प्लीज.’’ सर म्हणाले, ‘‘तुम्ही पडदा बघा.’’

आई आली. घरात शरू आणि आई एकमेकींना बिस्किटं देत आणि हसत. नाटकाच्या आदल्या आठवड्यात मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी फर्मान काढलं की गणपतीसमोर मुंडकी उडवायची नाहीत. आम्हाला वाटलं, सर भांडतील. सर म्हणाले, ‘‘ठीक. ज्याची वेळ भरेल तो डोक्यावरचं काढून ठेवेल आणि खाली उतरून प्रेक्षकांत जाऊन बसेल.’’ अध्यक्ष खूश. आम्हाला सांगितलं ते एवढंच. प्रेक्षकांत बसून काय करायचं, हे सरांनी फक्त मुलांना सांगून ठेवलं होतं.

नाटक दुपारी, चर्चच्याच हॉलमध्ये होतं. आई पहिल्या रांगेत, नव्या लुगड्यात. मी विंगेत, दोरी हातात. पडदा उघडला. शरू मधोमध स्टुलावर, सोनेरी कागदाचा मुकुट, मांडीवर कुलूप. मागे आरडाओरडा, घोषणा, भाकरी द्या, राणी कुठे आहे. ती मान वर करायला तयार नाही. लोक हसायला लागले. हसणं चांगलं होतं, पण मी मनात पाच मिनिटांची वाट बघत होतो. आता बोलेल. आता.

तिची वेळ भरली. तिने मुकुट काढून स्टुलावर ठेवला, कुलूप घेतलं, पायऱ्या उतरली आणि सरळ आईशेजारी जाऊन बसली. झालं! माझा राजा सगळ्यात आधी गेला, एक अक्षर न बोलता. मी दोरी सोडून निघणार, एवढ्यात समोरच्या विंगेतून सरांनी बोट दाखवलं. हलायचं नाही.

आणि मग मला दिसलं. शरू आईच्या कानाला लागली होती. तिचे ओठ हलत होते. थांबत नव्हते.

सरांनी मुलांना सांगितलेलं हे होतं की खाली गेलात की शेजारच्या एका माणसाला आपलं आयुष्य सांगायचं. हळू आवाजात. चहा उकळेल एवढ्या वेळात. लिहून काही दिलेलं नव्हतं. ज्याने त्याने आपलं जुळवायचं.

मारा टबातून उठून आपल्या काकूजवळ गेला. दांतों नावाचा आणखी एक क्रांतिकारक गेला. एकेक जण खाली जात होता आणि रंगमंच रिकामा होत होता. खाली सगळा हॉल कुजबुजत होता. रोबेस्पिअर वर एकटीच उरली, इस्त्रीच्या कोटात. मग तीही गेली आणि वकीलबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून आपण किती सज्जन होतो ते सांगायला लागली. शेवटी नेपोलियन आला, स्टुलावरचा मुकुट त्याने स्वतःच उचलून डोक्यावर ठेवला आणि बघतो तर समोर कुणाचंच लक्ष नाही. पडदा मी पाडला. दुसरं काय करणार?

त्या सगळ्या वेळात मला माझी मुलगी बोलताना दिसत होती. ऐकू एक शब्द आला नाही. आई मान हलवत होती. एकदा तोंडावर पदर धरून हसली. एकदा तिने वळून विंगेकडे, म्हणजे माझ्याकडेच, पाहिलं आणि परत कान पुढे केला.

मी सरांना शेगडीपाशी पकडलं.

‘‘बोलली?’’ सरांनीच विचारलं.

‘‘मला काय माहीत!’’

‘‘मराठीत बोलली. सलग बोलली. पाच मिनिटांहून जास्तच. तुमच्या आईला नीट ऐकू गेलं. ठरलं होतं त्यात राहिलं काय?’’

‘‘मी कुठे आहे त्यात?’’

‘‘तुम्ही सौद्यात स्वतःला घातलंच नव्हतं बाप्पा. मी वाट बघत होतो घालाल म्हणून.’’

‘‘सगळ्यांनी ऐकायचं होतं!’’

‘‘एकाने ऐकलं. ऐकायला एक पुरतो.’’

मी कप आपटला. त्यांनी दुसरा भरून दिला.

गाडीत आई पुढे बसली होती, शरू मागे कानात इअरफोन घालून. मी विचारलं, ‘‘काय बोलली गं ती?’’

‘‘त्या राजाचं.’’

‘‘राजाचं काय?’’

‘‘सगळं. चुकत होती मध्ये मध्ये. तो ऐवजी ती. मी नाही अडवलं.’’

‘‘एवढा वेळ राजाचंच?’’

आईने पदर सारखा केला. ‘‘तुझंही निघालं थोडं.’’

‘‘माझं? काय निघालं?’’

‘‘सिग्नल बघ. हिरवा झालाय.’’

कुलूप आईच्या मांडीवर होतं. उघडलेलं. माझ्या कारागिरांना न उघडलेलं. शरूला विचारलं कसं केलंस, तर म्हणाली, ‘‘आजीने पकडलं. मी पिन फिरवली.’’ मराठीत म्हणाली. वाक्य सरळ होतं. मी गाडी चालवत होतो.

आई परत गेली तेव्हा ते कुलूप पर्समध्ये घालून घेऊन गेली. मी म्हटलं, अगं, त्याला किल्ली नाही, बंद झालं तर उघडायचं नाही. म्हणाली, ‘‘बंद कोण करतंय?’’

सर पुढच्याच वर्षी मुलाकडे रेडमंडला गेले. तिथे सारखा पाऊस असतो, म्हणजे मफलरची सोय झाली. मी अधूनमधून फोन करतो. भांडायलाच करतो. ते मला लुई फिलिपचं सांगतात. तो छत्री घेऊन रस्त्यातून फिरणारा राजा होता. एकेकाळी शाळामास्तरकी केली, अमेरिकेत भटकला, राजा झाला आणि शेवटी मिस्टर स्मिथ असं खोटं नाव सांगून पळाला. ‘‘आपल्यातलाच आहे हो,’’ असं म्हणतात. विषय बदलण्यात माणूस पटाईत आहे. मी विषयावर आणतो, तर म्हणतात, ‘‘शरूलाच विचारा ना. चहा ठेवून विचारा.’’

तेही केलं. चहा ठेवला. शरू आता हायस्कूलला आहे, माझ्याएवढी उंच. म्हणाली, ‘‘बाबा, ते आजीचं आहे. आस्क हर.’’ आजीला विचारलं, तर आजी म्हणते पोरीला विचार. चहा उतू गेला. मीच पुसला.

दर रविवारी सकाळी शरू आजीला फोन लावते आणि खोलीचं दार लावून घेते. आतून मराठी ऐकू येतं, शब्द कळत नाहीत. मध्येच दोघी हसतात. त्या दाराला कुलूप मीच बसवलंय. मनात आणलं तर डोळे मिटून उघडेन. उघडत नाही, ती गोष्ट वेगळी. गिऱ्हाइकाचं कपाट आपण उघडत नाही.

पण हिशेब सरळ आहे. मुलगी माझी, आई माझी, कुलूप माझं, पडद्याची तार माझी, घासाघीस मी केली. आणि त्या पाच मिनिटांत माझ्याबद्दल जे काही निघालं, ते जगात फक्त मलाच ठाऊक नाही. सर, तुम्ही तिकडे पावसात मफलर गुंडाळून बसा, मिस्टर स्मिथ म्हणून नाव सांगा, मी शोधून काढीन. दार लावून घेतलंत तरी माझा धंदा तुम्हाला माहीत आहे. मला उत्तर हवंय. ती काय बोलली? तुम्हाला माहीत नसेल, तर ज्यांना माहीत आहे त्यांच्याकडून वदवून घ्या. सौदा तुमच्याशी झाला होता, जबाबही तुम्हीच द्यायचा.